अर्बुद पिकत का नाही? : कर्करोगातील विषाणुचिकित्सेचा परिचय

कर्करोगाचा रुग्ण किंवा त्याचे आप्त वैद्याकडे येतात तेव्हा बहुधा एक मागणी करतात : "प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीतरी द्या." औषधालयांच्या फळ्यांवरही याच शब्दांची लेबले मोठ्या संख्येने दिसतात. दुसरीकडे, मुद्दाम बदल केलेले विषाणू अर्बुदात टोचून शरीराची प्रतिकारयंत्रणा कर्करोगाविरुद्ध जागी करण्याची चिकित्सा आधुनिक वैद्यकात पुढे आली आहे. तिच्या बातम्या वाचून रुग्ण आपल्याला विचारतात की ही चिकित्सा आणि तुमची रसायने यांत फरक तो काय? या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी ती चिकित्सा नेमकी काय आहे हे आपण समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे. लेखाच्या शेवटी वैद्य आणि औषधविक्रेते यांच्या दृष्टीने काही व्यावहारिक सूचना दिल्या आहेत.

सुश्रुतांचे एक निरीक्षण

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन येते. अर्बुद गोल, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मूळ असलेले आणि हळूहळू वाढणारे असते, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहे. त्याच वर्णनात पुढे असे सांगितले आहे की अर्बुद स्वभावतः पाकास जात नाही. कफ व मेद यांचे आधिक्य, दोषांचे स्थैर्य आणि ग्रथन ही त्याची कारणे दिली आहेत. व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व या अवस्था आपल्या परिचयाच्या आहेत. लालिमा, उष्णता, वेदना आणि पूय ही सारी शरीराने परक्याशी केलेल्या झुंजीची चिन्हे होत. अर्बुदात ही झुंज दिसत नाही.

आधुनिक शास्त्रज्ञ अर्बुदांचे 'थंड' आणि 'उष्ण' असे दोन प्रकार मानतात. ज्या अर्बुदात प्रतिकारक टी-पेशी शिरलेल्याच नसतात ते थंड. ज्यात त्या मोठ्या संख्येने आढळतात ते उष्ण. थंड अर्बुदावर प्रतिकारयंत्रणेच्या आधारे केलेली चिकित्सा सहसा लागू पडत नाही. कर्करोगाची पेशी शरीराच्याच पेशीपासून निर्माण झालेली असल्यामुळे प्रतिकारयंत्रणा तिला परकी मानत नाही. शिवाय अशी पेशी आपली ओळख पटवणारे प्रतिजन झाकून ठेवते आणि आसपासच्या टी-पेशींना निष्क्रिय करणारे संकेतही देते. विषाणुचिकित्सेचा उद्देश या थंड अर्बुदात शोथ निर्माण करून त्याला उष्ण करणे हा आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सुश्रुतांनी डोळ्यांनी पाहिलेले लक्षण आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी टी-पेशींची अनुपस्थिती या दोन गोष्टी एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. हे साम्य विषय ध्यानात राहावा म्हणून उपयोगी आहे. त्याचा सिद्धांत करू नये.

पूर्वपीठिका

विषाणूंमुळे अर्बुद कमी होऊ शकते ही कल्पना शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. 1904 मध्ये अमेरिकी वैद्य जॉर्ज डॉक यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. इन्फ्लुएन्झासारख्या ज्वरानंतर तिच्या वाढलेल्या श्वेतपेशी काही काळ कमी झाल्या होत्या. 1912 मध्ये इटलीतील निकोला दे पाचे यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक रुग्णा नोंदवली. श्वानदंशानंतर दिलेल्या आलर्काच्या लसीनंतर तिचे अर्बुद आक्रसले होते.

पुढे 1949 मध्ये हॉजकिन्स रोगाच्या 22 रुग्णांना यकृतदाहाचे विषाणू असलेले रक्तद्रव देण्याचा प्रयोग झाला. 1950 च्या दशकात वेस्ट नाईल विषाणू आणि ॲडिनोव्हायरस यांचेही प्रयोग झाले. काही रुग्णांच्या गाठी तात्पुरत्या कमी झाल्या. परंतु बदल न केलेल्या विषाणूने स्वतःचा रोगही निर्माण केला. काहींना यकृतदाह झाला, काहींना मस्तिष्कदाह झाला. विषाणूला लगाम घालण्याचे साधन त्या काळी नव्हते, त्यामुळे हा मार्ग मागे पडला.

ते साधन जनुकीय अभियांत्रिकीने दिले. 1991 मध्ये रॉबर्ट मार्टुझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्पिस विषाणूतील एक जनुक निकामी केले. त्यामुळे तो विभाजन पावणाऱ्या पेशींतच वाढू शकत होता. उंदरांमधील मेंदूच्या अर्बुदावर त्याचा परिणाम दाखवून त्यांनी या चिकित्सेचा नवा पाया घातला.

विषाणूवरील संस्कार

सर्वांत अधिक अभ्यास झालेले औषध म्हणजे टी-व्हेक, अर्थात टॅलिमोजीन लाहेरपारेपव्हेक. ओठांवर ज्वराचे फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार 1 या विषाणूपासून ते तयार केले आहे. त्यावर केलेले संस्कार असे :

पहिला संस्कार सुरक्षिततेसाठी आहे. निरोगी पेशीत विषाणू शिरला की ती पेशी आपली प्रथिननिर्मिती थांबवते आणि विषाणूची वाढ रोखते. मूळ विषाणू आयसीपी 34.5 या जनुकाच्या साहाय्याने हा अडथळा दूर करतो. टी-व्हेकमधून ते जनुक काढून टाकल्यामुळे निरोगी पेशीत त्याची वाढ खुंटते. अनेक कर्कपेशींमध्ये मात्र ही संरक्षक व्यवस्था मुळातच बिघडलेली असते. म्हणून तेथे विषाणू वाढतो आणि शेवटी पेशी फोडून बाहेर पडतो.

दुसरा संस्कार ओळख पटण्यासाठी आहे. हर्पिस विषाणूचे आयसीपी 47 हे जनुक पेशीला आपल्या पृष्ठभागावर प्रतिजन मांडू देत नाही. तेही काढले आहे. परिणामी विषाणुग्रस्त कर्कपेशी टी-पेशींपासून लपून राहू शकत नाही.

तिसरा संस्कार आवाहनाचा आहे. जीएम-सीएसएफ हे प्रथिन तयार करणारे मानवी जनुक विषाणूत घातले आहे. हे प्रथिन डेंड्रिटिक पेशींना त्या जागी बोलावते व परिपक्व करते. या पेशी फुटलेल्या कर्कपेशींतील प्रतिजन उचलून लसीकाग्रंथींत नेतात आणि तेथील टी-पेशींना शत्रूची ओळख करून देतात. ओळख पटलेल्या टी-पेशी रक्तावाटे शरीरभर फिरून, जेथे विषाणू टोचलेलाच नाही तेथील कर्कपेशींवरही हल्ला करू शकतात.

वैद्यांना येथे वत्सनाभाची आठवण होणे साहजिक आहे. विषही युक्तीने योजले तर औषध होते, हा चरकांचा सिद्धांत आपल्या हाडीमांसी रुजलेला आहे. गोमूत्रात शोधन करून वत्सनाभाची तीव्रता आपण कमी करतो आणि इष्ट गुण राखतो. विषाणूतून घातक जनुक काढण्यामागील विचार याच जातीचा आहे. भेद मात्र मोठा आहे. वत्सनाभाची दिलेली मात्रा शरीरात वाढत नाही, विषाणू वाढतो. त्यामुळे अशा औषधाची मात्रा, पात्रता आणि निगराणी यांचे नियम वेगळे आणि कडक असतात.

आकडे काय सांगतात

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात टी-व्हेकची चाचणी 436 रुग्णांवर झाली. काहींना टी-व्हेक दिले आणि काहींना केवळ जीएम-सीएसएफची इंजेक्शने दिली. किमान सहा महिने टिकणारा प्रतिसाद टी-व्हेकच्या गटात 16.3 टक्के, तर दुसऱ्या गटात 2.1 टक्के रुग्णांत आढळला. या चाचणीच्या आधारे ऑक्टोबर 2015 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली.

याच चाचणीतील गाठींचा स्वतंत्र हिशोब अधिक बोलका आहे. विषाणू प्रत्यक्ष टोचलेल्या गाठींपैकी 64 टक्के गाठी निम्म्याने किंवा त्याहून अधिक आक्रसल्या. न टोचलेल्या, परंतु अंतर्गत अवयवांबाहेरील गाठींत हे प्रमाण 34 टक्के होते आणि यकृत, फुप्फुस यांसारख्या अवयवांतील गाठींत 15 टक्के होते. न टोचलेल्या गाठीही कमी झाल्या, यावरून प्रतिकारयंत्रणेचा सहभाग स्पष्ट होतो. परंतु अंतर वाढते तसा परिणाम ओसरतो, हेही त्याच आकड्यांतून दिसते.

इतर औषधांपैकी चीनने नोव्हेंबर 2005 मध्ये एच 101 हा बदललेला ॲडिनोव्हायरस, शिर व ग्रीवा यांच्या कर्करोगात रासायनिक चिकित्सेच्या जोडीने वापरण्यास मान्यता दिली. जपानने जून 2021 मध्ये मेंदूच्या घातक ग्लायोमासाठी तीन जनुके बदललेल्या हर्पिस विषाणूस सशर्त आणि ठरावीक मुदतीची मान्यता दिली. टोकियो विद्यापीठातील तोमोकी तोदो यांच्या या चाचणीत केवळ 19 रुग्ण होते, त्यांपैकी 84.2 टक्के रुग्ण एक वर्षानंतर हयात होते. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत मूत्राशयाच्या कर्करोगासाठी एक वेगळ्या प्रकारचे औषध मान्य झाले. त्यातील ॲडिनोव्हायरस शरीरात वाढत नाही. तो मूत्राशयाच्या आवरणातील पेशींत इंटरफेरॉनचे जनुक पोहोचवतो आणि त्या पेशीच इंटरफेरॉन तयार करू लागतात. मूत्राशयात बीसीजीचे जिवंत पण दुर्बल केलेले जंतू सोडण्याची चिकित्सा 1976 पासून ज्ञात आहे. ज्यांना तिचा गुण येत नाही अशा रुग्णांसाठी हे औषध आहे.

मुंबईतील दुसरी वाट

विषाणूचा आणखी एक उपयोग आपल्या राज्यातच विकसित झाला आहे. मुंबईतील आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार 19 या कार-टी चिकित्सेस ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात मान्यता मिळाली. तीत विषाणू अर्बुदात टोचत नाहीत. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात आणि वाढण्याची क्षमता काढून घेतलेल्या लेंटिव्हायरसच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालतात. त्या जनुकामुळे टी-पेशीला बी-पेशींवरील सीडी 19 हे चिन्ह ओळखता येते. मग या पेशी वाढवून रुग्णाला परत देतात. रक्ताच्या व लसीकाग्रंथींच्या विशिष्ट कर्करोगांतच ही चिकित्सा योजली जाते. येथेही विषाणूचे काम टी-पेशीला शत्रूची ओळख देण्याचे आहे. तो स्वतः कर्कपेशी मारत नाही.

यशाची मर्यादा

नव्या चिकित्सेची वार्ता जितकी मोठी असते तितकी तिची मर्यादा मोठ्या अक्षरांत छापली जात नाही. टी-व्हेक आणि टी-पेशींवरील निर्बंध काढणारे पेम्ब्रोलिझुमॅब ही दोन औषधे एकत्र दिल्यावर 21 रुग्णांच्या लहान चाचणीत 62 टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला होता. 2017 मधील या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण केली. पुढे 692 रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली व 2023 मध्ये तिचे फलित प्रसिद्ध झाले. केवळ पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांच्या तुलनेत दोन्ही औषधे घेणाऱ्यांचे आयुर्मान निर्णायकरीत्या वाढले नव्हते. रोग स्थिर राहण्याच्या काळातील फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही.

ही घटना आपण विशेषत्वाने लक्षात ठेवावी. पाचपंचवीस रुग्णांच्या अनुभवावरून निष्कर्ष काढण्याचा मोह आपल्या क्षेत्रातही फार आहे. विद्यापीठे आणि मोठ्या कंपन्या यांच्या हाती असलेली ही आशाही तुलनात्मक चाचणीपुढे टिकली नाही. मग चार रुग्णांचे अनुभवकथन किती पुरावा देते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

दुसरे उदाहरण औषधनिर्मात्यांसाठी आहे. लॅटव्हिया देशात 2004 मध्ये रिगविर हे, बदल न केलेल्या इको 7 विषाणूचे औषध नोंदवले गेले. परदेशांतील रुग्णही त्यासाठी तेथे जात. 2019 मध्ये तेथील औषध नियंत्रकांना त्यात लेबलवर सांगितल्यापेक्षा विषाणूचे प्रमाण बरेच कमी असल्याचे आढळले आणि त्याचा पुरवठा थांबवून परवाना स्थगित करण्यात आला. लेबलवर जे लिहिले तेच बाटलीत असले पाहिजे, हा नियम आसव-अरिष्टांना आणि विषाणूंना सारखाच लागू आहे.

'वाढवणे' आणि 'ओळखवणे'

चक्रपाणींनी चरकसंहितेवरील टीकेत व्याधिक्षमत्वाची दोन अंगे सांगितली आहेत. एक, झालेल्या व्याधीच्या बलास विरोध करणे. दुसरे, व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. हा भेद आजच्या रुग्णाला समजावून सांगण्यास फार सोयीचा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूविरुद्धची लस दुसऱ्या अंगाचे काम करते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी 2023 मध्ये बाजारात आणलेली लस याच वर्गातील आहे. तीत जिवंत विषाणू नसून त्याच्या बाह्य कवचासारखे कण असतात. उलट टी-व्हेकसारखे औषध पहिल्या अंगाचे, म्हणजे उत्पन्न झालेल्या व्याधीला विरोध करण्याचे काम करते. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की या संपूर्ण चिकित्सेत प्रतिकारशक्ती सरसकट 'वाढवलेली' नाही. तिला विशिष्ट शत्रू ओळखवून दिला आहे. अंधारात उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या हातात आणखी एक काठी दिल्याने चोर सापडत नाही; त्याला दिवा द्यावा लागतो. सरसकट वाढलेली प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर, अवटु ग्रंथीवर किंवा आंत्रावर उलटू शकते, हे टी-पेशींवरील निर्बंध काढणाऱ्या औषधांच्या अनुभवातून सिद्ध झाले आहे. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुडूचीच्या सेवनानंतर यकृतविकार झालेले सहा रुग्ण नोंदवले होते आणि आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीबाबत व निष्कर्षाबाबत त्यावर आक्षेप घेतला होता. त्या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु 'प्रतिकारशक्ती वाढवणारे औषध निरुपद्रवीच असते' हे गृहीतक सोडून द्यावे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

वैद्य आणि औषधविक्रेते यांचे कर्तव्य

1. कर्करोगाचा संशय येताच रुग्णास निदानासाठी त्वरित पाठवावे. तीन आठवड्यांत न भरणारा मुखातील व्रण, कारणाशिवाय वाढणारी गाठ, ऋतुनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव यांत रसायनचिकित्सा करून काळ दवडू नये.

2. कर्करोगाची चिकित्सा चालू असलेल्या रुग्णास आपण जी औषधे देतो त्यांची यादी त्याच्या कर्करोगतज्ज्ञास लेखी कळवावी. प्रतिकारयंत्रणेवर आधारित चिकित्सा चालू असताना गुडूची, अश्वगंधा आदी द्रव्ये त्यांच्या संमतीवाचून सुरू करू नयेत.

3. विषाणू टोचल्यानंतर ज्वर, शीत, अंगमर्द आणि ग्लानी ही लक्षणे अपेक्षित असतात; तरीही ती रुग्णालयास कळवण्यास सांगावे. कार-टी चिकित्सेनंतरचा ज्वर मात्र तातडीचा प्रसंग समजावा. असा रुग्ण ज्वरघ्न कल्प देऊन घरी ठेवू नये.

4. टी-व्हेक टोचलेल्या जागेवर जिवंत विषाणू असतो. ती पट्टी उघड्या हातांनी हाताळू नये व तेथे अभ्यंग, स्वेदन वा लेप करू नये. गर्भवती स्त्री आणि दुर्बल प्रतिकारशक्तीचे रुग्ण यांना हे औषध निषिद्ध आहे.

5. हर्पिसवरील ॲसायक्लोव्हिर हे औषध टी-व्हेकचीही वाढ रोखते. म्हणून असा रुग्ण ओठावरील फोडांसाठी ते मागू लागला तर विक्रेत्याने ते परस्पर न देता त्यास त्याच्या तज्ज्ञाकडे पाठवावे.

6. 1954 च्या औषधे व जादूचे उपचार या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात, मग ती फलकावर असो वा पत्रकावर, या कायद्याने निषिद्ध आहे.

समारोप

नव्या शोधाची बातमी आली की 'हे आमच्या ग्रंथांत आधीच होते' असे म्हणण्याची प्रथा आपल्यात आहे. तसे म्हणण्याने ना ग्रंथांचा गौरव वाढतो ना रुग्णाचे हित साधते. सुश्रुतांनी अर्बुद पिकत नाही हे पाहिले आणि त्याचे कारण आपल्या परिभाषेत मांडले. ते पाहणे हीच त्यांची थोरवी. त्या न पिकणाऱ्या अर्बुदात शोथ निर्माण करण्याचा उपाय आज काही थोड्या कर्करोगांत आणि काही थोड्या रुग्णांत साधतो आहे. रुग्ण आपल्याकडे आशेने येतो. त्याला खरे काय, किती आणि कोणासाठी हे शांतपणे सांगता येणे, आणि प्रसंगी 'हे माझ्या अधिकारातले नाही, आपण अमुक ठिकाणी आजच जा' असे सांगता येणे, हेही वैद्यगुणांतच मोडते, असे आम्ही मानतो.